कन्नडमधला ओव्हरटाइम

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आपत्कालीन मदत कक्ष आहे. कुणाला झटका आला, कुठं अपघात झाला, की फोन इथं येतो आणि इथून रुग्णवाहिका धाडली जाते. कक्षाचं कंत्राट एका संस्थेकडे आहे आणि संस्थेची शिस्त कडक आहे. पहिला नियम असा, की पुढच्या पाळीचा माणूस येऊन बसेपर्यंत कानावरचा हेडसेट काढायचा नाही. दुसरा असा, की पाळी संपल्यावर थांबायचं तर आधी लेखी परवानगी घ्यायची, नाहीतर ते थांबणं स्वेच्छेचं धरलं जाईल. दोन्ही नियम एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लावलेले होते आणि त्यांचं आपसांत कधी भांडण झालं नव्हतं.

भांडण झालं ते दाक्षायणीचं.

दाक्षायणी अक्कलकोटकडची. मराठी आणि कन्नड, दोन्ही तिच्या घरातल्याच. सीमेवरच्या गावातून कन्नडमध्ये फोन आला की सगळे तो तिच्याकडे वळवत. तिची पाळी सकाळची. दुपारी तिची जागा घेणारी वैजयंती नोकरी सोडून नवी पेठेत साड्यांच्या दुकानात लागली. तिथं उशिरापर्यंत थांबलं की मालक जादा पैसे देई, वर चहा-भजी. वैजयंतीच्या जागी भरतीची प्रक्रिया सुरू झाली. प्रक्रिया सुरू झाली म्हणजे माणूस येणार नाही, हे दाक्षायणीला ठाऊक होतं. ती संध्याकाळपर्यंत खुर्चीला चिकटून राहू लागली. तिची लेक ऋतुजा पाळणाघरात वाट बघायची. पाळणाघराच्या बाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण ओव्हरटाइम म्हणजे काय ते त्यांना पक्कं कळत होतं. उशीर झाला की त्या जादा घेत.

एके दुपारी पाळी संपल्यावर एका म्हातारीचा फोन आला. सून शेतातच बाळंत होत होती आणि म्हातारीला कन्नडशिवाय काही येत नव्हतं. "हेदरबेड अव्वा," घाबरू नकोस आई, असं म्हणत दाक्षायणीनं तिला एकेक गोष्ट सांगितली. बाळाला ओढू नकोस, कोरड्या फडक्यानं पूस, आईच्या छातीवर ठेव, नाळ कापू नकोस. रुग्णवाहिका पोचली तेव्हा बाळ रडत होतं, म्हातारी रडत होती, आणि इकडं दाक्षायणीही.

महिनाअखेरीस तिनं ओव्हरटाइम मागितला. कक्षप्रमुख अनिलकुमार साहेबांनी चष्मा पुसला.

"पूर्वपरवानगी कुठं आहे?"

"साहेब, बाळ यायला लागलं होतं की."

"तेच म्हणतो मी. प्रसूती काय अचानक ठरते? नऊ महिने हातात होते."

"तिच्या हातात होते. माझ्या हातात फोन आला."

साहेबांनी प्रकरण पडताळणी समितीकडे पाठवलं. समिती म्हणजे साहेब आणि आणखी दोघे, जे साहेबांच्या उजव्या-डाव्या बाजूला बसत. समितीनं ध्वनिमुद्रण ऐकलं. कुणालाच कन्नड येत नव्हतं, त्यामुळे ऐकणं अगदी निःपक्षपातीपणे झालं. निष्कर्ष असा निघाला, की कंत्राटात सेवेच्या भाषा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा नमूद असल्यानं कन्नडमधलं बोलणं हे सेवा ठरत नाही. सबब ते खासगी संभाषण होय. शिवाय संभाषणात 'अव्वा' हा शब्द वारंवार आल्यानं कर्मचारी महिला आपल्या आईशी बोलत असावी, असं मानायला जागा आहे. कार्यालयीन फोनचा खासगी वापर झाल्याबद्दल तिला समज देण्यात आली.

"माझी आई वारून वर्षं झाली, साहेब," दाक्षायणी म्हणाली.

"मग तर फारच लांबचा कॉल झाला," समितीतला डावा म्हणाला. उजवा हसला. साहेबांनी हसू आवरलं, कारण ते अध्यक्ष होते.

दाक्षायणी त्या दिवशी जिन्यात उभी राहून रडली नाही. तिला रडायचं होतं, पण पाळणाघराचा मीटर पडत होता.

तिनं पुन्हा अर्ज केला. मग आणखी चौघांनी केले. तेव्हा संस्थेनं गंभीर दखल घेतली आणि सर्वांचा सत्कार ठेवला. एका सभागृहात, रविवारी, सुट्टीच्या दिवशी, उपस्थिती सक्तीची. प्रत्येकाला शाल, नारळ आणि 'देवदूत' असं लिहिलेलं मानचिन्ह. पाहुणे बोलायला उठले.

"देव कधी तास मोजतो का?" त्यांनी विचारलं. "मग देवदूतांनी का मोजावेत?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दाक्षायणी माईककडे गेली. "साहेब, देवदूतांना पोरंबाळं नसतात. आमाला हायेत की," ती म्हणाली. यालाही टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, विनोद केला.

दुसऱ्या दिवशी पाळी संपली तशी ती उठली आणि हेडसेट घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेली.

"पुढचा माणूस आल्याशिवाय काढायचा न्हाय, असा नियम हाय. तो मी मोडत न्हाय. आता तुमीच पुढचे." तिनं हेडसेट टेबलावर ठेवला.

"दाक्षायणी, लोकांचे जीव—"

"व्हय साहेब, लई मोलाचे असतात. बसा खुर्चीवर."

बाहेर फोन वाजत होता. साहेब नाइलाजानं हेडसेट लावून तिच्या खुर्चीवर जाऊन बसले. पलीकडून एक बाई किंचाळत होती. "कृपया मराठीत बोला," साहेब म्हणाले. "हिंदी? इंग्लिश?" बाई आणखी जोरात किंचाळली. पर्स खांद्याला लावून निघालेल्या दाक्षायणीला हेडसेटमधून 'करंट' एवढा एकच शब्द ऐकू आला आणि तिचे पाय थांबले. तिनं साहेबांच्या डोक्यावरून हेडसेट ओढला.

"मुट्टबेड! हात लावू नकोस!" ती कन्नडमध्ये ओरडली. बाईचा नवरा विहिरीवरच्या मोटारीच्या वायरीला चिकटला होता आणि बाई त्याला धरायला निघाली होती. दाक्षायणीनं आधी मेन बंद करायला लावला, मग छाती दाबायला शिकवलं. रुग्णवाहिका येईपर्यंत फोनवर बाईच्या बरोबरीनं मोजत राहिली. माणूस वाचला. ऋतुजाला घ्यायला जायला त्या दिवशीही अंधार पडला.

साहेबांनी मात्र त्या दुपारी हेडसेट धारण केल्याबद्दल ओव्हरटाइम मागितला. परवानगी देणारे अधिकारी तेच असल्यानं पूर्वपरवानगी होती. बोलणं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत झालं असल्यानं सेवाही सिद्ध होती. समितीनं एकमतानं मंजुरी दिली. दाक्षायणीला पाळी संपण्यापूर्वी खुर्ची सोडल्याबद्दल नोटीस आली, कारण पुढचा माणूस आलेला नसल्यानं पुढची पाळी अजून सुरूच झालेली नव्हती.

'साहेबच जेव्हा हेडसेट लावतात', अशी बातमी मोबाइलवर फिरली. सोबत साहेबांचा फोटो, कडेला एक कोपर. दाक्षायणीचा नवरा शिवानंद म्हणाला, "हे तुझं कोपर हाय की गं."

बातमी तुमच्याकडेही आली होती. तुमचा ऊर भरून आला. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय, असं लिहून, खाली जोडलेले दोन हात टाकून तुम्ही ती पुढं पाठवलीत. त्याला पैसे पडत नाहीत.