प्रभारी खूण

सान एउसेबियो गावाची लोकसंख्या चार हजार असून त्यात दोन चर्च, तीन बेकऱ्या आणि सहा दंतवैद्य आहेत. घरांना नंबर मात्र नाहीत. कोस्टा रिकात पत्ता खुणेवरून सांगतात. आम्ही घर घेतलं तेव्हा त्याचा अधिकृत पत्ता असा होता: पूर्वीच्या उंबरापासून दोनशे मीटर दक्षिणेला, तिथून पन्नास मीटर पूर्वेला, हिरवं फाटक.

मी आणि माझी बायको मार्लिस बारा वर्षांपूर्वी मिनेसोटाहून इथे राहायला आलो. तिकडच्या थंडीत तिचे सांधे आखडायचे. पहिले दोन दिवस मी तो उंबर शोधत हिंडलो. मी तीस वर्षं टपाल खात्यात काढलेली, पत्ता सापडला नाही की मला जेवण जात नाही. तिसऱ्या दिवशी मार्लिसने समोरच्या दोन्या एर्मेलिंदांना विचारलं. इथे वयस्क बाईला मानाने दोन्या म्हणतात.

"उंबर? अहो, तो मी शाळेत असतानाच पडला," त्या म्हणाल्या.

"मग लोकांना कळतं कसं?" मी विचारलं.

"तो कुठे नाहीये, हे सगळ्यांना ठाऊक आहे की."

त्याच आठवड्यात मी फाटकावर पांढऱ्या रंगाने १४ हा आकडा काढला. मिनेसोटात आमचा तोच नंबर होता. त्यानंतर महिनाभर आमच्याकडे गॅस आला नाही. गॅसवाला फाटकापाशी थांबायचा, आकडा वाचायचा आणि आधीची तेरा घरं शोधायला निघून जायचा. शेवटी मार्लिसने आकड्यावर हिरवा रंग मारला.

मार्लिसला स्पॅनिश येत नव्हतं, पण म्हणून तिचं बोलणं कधी अडलं नाही. रोज दुपारी दोन ते पाच ती व्हरांड्यात लाल झुलत्या खुर्चीत बसून घेवडा सोलायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने काहीतरी विचारायची. उत्तर कळायचं नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. वर्षभरात लोक तिच्यापासून अंतर मोजायला लागले. शिंपी राहतो दोन्या मार्लिसपासून पंच्याहत्तर मीटर उत्तरेला, गुरांचा डॉक्टर एकशेवीस मीटर दक्षिणेला. पुढे विजेच्या बिलांवरही तसंच छापून यायला लागलं. अशी एकतीस घरं झाली. आमच्या स्वतःच्या बिलावर फक्त 'दोन्या मार्लिसपाशी' एवढंच असायचं.

एकदा ती दाढ काढायला दोन दिवस राजधानीत गेली. गावात सहा दंतवैद्य होते, पण सहाही जण तिच्या ओळखीचे, एकाला निवडलं तर पाच रुसले असते. त्या दोन दिवसांत एका लग्नाचा केक भलत्याच घरी पोचला आणि तिथे खाल्लाही गेला. तेव्हापासून ती गावाबाहेर जाताना बेकरीत चिठ्ठी लावून जायची.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मार्लिस गेली. तिला चर्चमागच्या दफनभूमीत पुरलं. पावतीवर दफनभूमीचा पत्ता आहे: दोन्या मार्लिसपासून चारशे मीटर पश्चिमेला. मी तो दुरुस्त करून घेतला नाही.

खुर्ची आत आणून मी भिंतीकडे तोंड करून ठेवली. दुपारचे दोन वाजले की पडदे ओढून घ्यायचो. लोक दार वाजवायचे, केळीच्या पानात बांधलेले मक्याच्या पिठाचे तामाल पायरीवर ठेवायचे आणि जायचे.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात माझ्या रहिवासी कार्डाची मुदत संपली. नवीन कार्ड मिळालं नाही तर देश सोडावा लागतो. मिनेसोटात मुलगी आहे आणि तिच्या तळघरात माझ्यासाठी एक खोली आहे. पण मार्लिस इथे होती. म्हणून मी बूट घालून गावातल्या सरकारी कार्यालयात गेलो.

खिडकीमागे योर्लेनी नावाच्या बाई होत्या. त्यांनी माझं बिल पाहिलं, मग संगणकात पाहिलं.

"सेन्योर लायल, नवीन परिपत्रक आलंय. पत्त्यातली खूण जागेवर असायला हवी. तुमची नाहीये. तपासनीस तीनदा येऊन गेला, बरोबर दोन ते पाचमध्ये. खुर्चीसुद्धा नव्हती."

"ती वारली, बाई."

"ठाऊक आहे. मी रडले होते. माझी मावशी तिथून साठ मीटरवर राहते. पण कागदावर त्या गैरहजर आहेत."

"मग 'पूर्वीची' म्हणा ना. उंबराला म्हणता तसं."

"'पूर्वीची' हा दर्जा मिळायला खूण जाऊन दहा वर्षं व्हावी लागतात. उंबराची झाली."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत एकतीस घरं कुठेच नाहीत. कुठेच नसलेल्या घरात राहणाऱ्याला रहिवासी कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा."

दोन्या एर्मेलिंदा माझ्यामागेच रांगेत होत्या. त्या पुढे घुसल्या. "ए पोरी! मी जन्मले त्या घरात. आज सकाळी न्याहरी काय मग ढगात बसून केली?"

"दोन्या एर्मेलिंदा, तुम्ही आहात. तुमचा पत्ता नाहीये."

"तुझी आई बरी होती. तिला निदान डोळ्यांनी दिसायचं."

योर्लेनीबाईंनी परिपत्रक उलटसुलट केलं. नववं कलम सापडलं. खूण गैरहजर असल्यास तिच्या जवळच्या नातलगास प्रभारी खूण म्हणून नेमता येते. मूळ जागी, मूळ खुर्चीत, मूळ वेळेत.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दहा वर्षं पुरी होईपर्यंत. म्हणजे आठ वर्षं चार महिने."

"मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे."

"मग मीठ कमी खा, सेन्योर. एकतीस घरांचा प्रश्न आहे."

नेमणुकीचं पत्र घेऊन मी घरी आलो आणि खुर्ची बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी तपासनीस टेप घेऊन आला. त्याने माझ्या गुडघ्यापासून मोजायला सुरुवात केली. मार्लिसपेक्षा माझे पाय लांब असल्याने सगळं गाव अर्ध्या मीटरने सरकत होतं. मला पाय आखडून बसण्याची लेखी सूचना मिळाली.

पहिला आठवडा मी तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसलो. पोस्टमन ओल्मान फाटकापाशी थांबला. "सेन्योर, आधीची खूण बोलायची."

"परिपत्रकात बोलायचं काही लिहिलेलं नाही."

"मग नवख्या माणसाला कळणार कसं? त्याला वाटेल, कुणीतरी म्हातारा बसलाय."

त्याच आठवड्यात आणखी एक केक चुकला. चौकशी झाली. खुणेने येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करावी, अन्यथा नेमणूक रद्द होईल, असा इशारा आला. मी विचारपूस सुरू केली. माझं स्पॅनिश कार्यालयात चालतं, गप्पांत मात्र ते मार्लिसपेक्षा वाईट आहे. शिंप्याला मी रोज त्याच्या गाईबद्दल विचारतो. त्याच्याकडे गाय नाही, पण तो थांबून उत्तर देतो.

तिसऱ्या आठवड्यात दोन्या एर्मेलिंदांनी टोपलीभर शेंगा माझ्या मांडीवर ओतल्या. "घ्या, सोला. रिकाम्या हातांची खूण या गावाने पाहिलेली नाही."

जानेवारीत मी दोन्या एर्मेलिंदांना घेऊन कार्ड आणायला गेलो. योर्लेनीबाईंनी बराच वेळ संगणकात पाहिलं.

"कार्ड देता येत नाही. खुणेला रहिवासी कार्ड नसतं. उंबराकडे होतं का?"

"म्हणजे मी इथे बेकायदा आहे?"

"छे, छे. तुम्ही आता स्थावर आहात. तुम्हाला हलवायचं तर नगर परिषदेचा ठराव लागेल आणि एकतीसही घरांच्या सह्या."

"आणि त्यांनी दिल्या तर?"

"कोण देतंय बघतेच मी," दोन्या एर्मेलिंदा म्हणाल्या. "चला आता. पावणेदोन झाले."

रविवारी मुलीचा फोन आला. मी सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, परत या. इथे निदान घरांना नंबर तरी आहेत."

"तुझ्या शेजारी कोण राहतं?"

"सोळा नंबरवाले."

"नाव काय त्यांचं?"

"सोळा नंबरवालेच म्हणतो आम्ही."

तुम्हीही हसत असाल. तुमच्या दारावर नंबर असेल, नावाची पाटी असेल, पिनकोड तोंडपाठ असेल. एक काम करा. पुढच्या वेळी पाहुणे यायचे असतील तर त्यांना यातलं काहीच देऊ नका. फक्त तुमचं नाव सांगा आणि कोपऱ्यावर विचारत यायला सांगा. गल्लीतले लोक घरं तुमच्यापासून मोजतात, की तुम्हाला शेजारच्या कुत्र्यापासून, ते कळेल. उत्तर काय आलं ते मला येऊन सांगा. दोन ते पाच मी जागेवर असतो.