वासितीची मुलाखत आणि साहेबांचा डबा

"नोकरी मला मिळणार नाही, मी नोकरीला मिळणार आहे!" राजधानीला, सुवाला जाणाऱ्या बोटीत चढताना वासितीने धक्क्यावर सगळ्या गावासमोर जाहीर केलं होतं. तिचंही काही चुकत नव्हतं. मेलबर्नला जाऊन समुद्राच्या कायद्यात एलएल.एम. झालेली तिच्या बेटावर ती एकटीच. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात तर छापलंच होतं, की या पदवीने दारं आपोआप उघडतात. सुवातल्या सागरी हद्द कचेरीचं काचेचं दार खरोखरच आपोआप उघडलं!

कचेरीत कायदा सल्लागाराची एकच जागा होती. ती हुकली की पुन्हा मेलबर्न, पुन्हा ती हाडं गोठवणारी थंडी आणि पुन्हा दुसऱ्याच्या समुद्राचे कागद लावत बसणं. वासितीला आपला समुद्र हवा होता, आणि तो मागताना मान खाली घालायची तिची अजिबात तयारी नव्हती.

मुलाखत घ्यायला दोघं होते. एक कचेरीचे प्रमुख आपिसालोमे साहेब, पांढऱ्या मिशांचे, कडक इस्त्रीचा, लुंगीसारखा सुलू नेसलेले. दुसऱ्या हॉलिसबाई, कचेरीला पैसा पुरवणाऱ्या परदेशी सरकारतर्फे मुलाखतीवर देखरेख ठेवायला कॅनबेराहून त्या दिवसापुरत्या आलेल्या. सुरुवात तर झकास झाली. वासितीने कलमांवर कलमं अशी फेकली, की हॉलिसबाईंचं पेन थांबेना. मग साहेबांनी सहज विचारलं, "आपण मूळच्या कुठल्या?"

"वातुरुआ बेटाची."

साहेबांच्या मिशा थरथरल्या. "वातुरुआ? अरे देवा! तिथे माणसं राहतात? मला वाटलं, नुसती डुकरं! आणि त्यातलं एक आता कायदा शिकून आलंय म्हणा की!"

हॉलिसबाईंचं पेन थांबलं.

वासितीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असं बोलतो म्हणजे हा म्हातारा नाइकासी बेटाचाच! आणि नाइकासी म्हणजे वातुरुआचे तऊवू. दोन्ही बेटांचा मूळ देव एकच, म्हणून एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं, एकमेकांचं वाट्टेल ते उचलायचं, आणि जो चिडेल तो हरला. सख्ख्या भावाशी एक वेळ अबोला धरता येतो, तऊवूशी नाही. त्याच्या थट्टेवर गप्प बसणं म्हणजे त्याला परका ठरवणं!

तरी मेलबर्नचं वळण आठवून वासितीने ओठ घट्ट मिटले. साहेबांचा चेहरा पडला. "का गं? जीभ विमानतळावर काढून घेतली का?"

हे मात्र अति झालं.

"जीभ आहे! पण तुझ्यासारख्या वाळक्या खेकड्यावर कशाला झिजवू? नाइकासीचा माणूस साहेब झाला म्हणजे कचेरी बुडालीच समजा! सुलू तरी बायकोने नेसवलाय ना? तुला पुढची बाजू कुठली तेही कळत नसेल!"

साहेब टेबलावर हात आपटून हसले. "बोललं! बोललं एकदाचं वटवाघूळ!"

"थांबा!" हॉलिसबाई ताडकन उभ्या राहिल्या. "वासिती, घाबरू नका. हा सरळसरळ छळ आहे. मी तक्रार लिहिते, तुम्ही फक्त सही करा. हे बाहेर जातील, निर्णय मी एकटी घेईन. आणि खरं सांगू? नोकरी तुमचीच आहे."

एका सहीवर नोकरी!

"छळ कसला? हे माझे नातेवाईक आहेत."

"आधी कधी भेटला होतात?"

"नाही."

"नाव तरी माहीत होतं?"

"आत्ता दारावर वाचलं."

हॉलिसबाईंनी कळवळून मान हलवली. "छळ झालेली माणसं असंच बोलतात हो."

"बाई, जरा ऐका, मी तर येत्या..." साहेबांनी तोंड उघडलं.

"तू गप्प बैस!" वासिती कडाडली. "आता मी तुझी वकील आहे!"

मग ती तरातरा खिडकीपाशी गेली आणि तिथला साहेबांचा जेवणाचा डबा उघडून सरळ जेवायलाच बसली. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, वर उकडलेला कसाव्याचा कंद! "हा घ्या पुरावा. परका असता तर चिडला असता ना?"

साहेबांनी आवंढा गिळला. भूक तर सपाटून लागली होती, पण चिडायची सोय नव्हती. "खा बाई, खा. तुमच्या बेटावर अन्न कुठे बघायला मिळतं!"

हॉलिसबाईंनी तक्रारीखाली 'चोरी' असं लिहिलं. मग बराच विचार करून पेन ठेवलं.

"ठीक आहे, नातं मान्य. पण मग दुसरा नियम आडवा येतो. नातेवाइकाच्या हाताखाली नातेवाईक नेमता येत नाही. हे परके असतील, तर तक्रारीवर सही करा आणि नोकरी घ्या. नात्यातले असतील, तर नोकरी विसरा. बोला, हे तुमचे कोण?"

"अहो बाई, पण मी येत्या..."

"गप्प म्हटलं ना!"

वासितीने कसाव्याचा शेवटचा तुकडा तोंडात कोंबला. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. तिने डब्याचं झाकण दाणकन लावलं.

"लिहून घ्या! हा म्हातारा खेकडा माझा तऊवू आहे. पदवी मेलबर्नची असेल, तोंड वातुरुआचंच आहे. आपल्या माणसाला परका म्हणण्याइतकी मी अजून शिकलेली नाही! ठेवा तुमची नोकरी. मी अर्ज मागे घेते!"

आणि तसं लिहून, खाली सही ठोकून, ती डब्यासकट बाहेर पडली.

साहेब धापा टाकत मागे आले. त्यांचे डोळे भरले होते. "गधडे! अगं, येत्या शुक्रवारी मी निवृत्त होतोय! मग तू कुणाच्या हाताखाली येणार होतीस? दोनदा सांगायला गेलो, तर तू माझीच वकील!"

वासिती खांबासारखी उभी राहिली. "मग... तो अर्ज?"

"घेतलास ना मागे? सहीनिशी? बाई नियमाला पक्की आहे. बैस आता पुढची जाहिरात निघेपर्यंत!"

साहेबांनी तिच्या हातातून डबा घेतला, उघडून पाहिला. रिकामा!

"वातुरुआची माणसं होडी किनाऱ्याला लागायच्या आतच उडी मारतात, असं माझी आजी म्हणायची," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी ती थट्टाच समजत होतो!"