अठरा सह्यांचं इंजिन

हेडक्लार्कांनी माळ्यावरचं इंजिन खाली काढायचं ठरवलं, त्याला कारण त्यांचे साडू. साडू दातांचे डॉक्टर. एवढ्यावर ते थांबले असते तर हेडक्लार्कांनी त्यांना माफही केलं असतं. पण या गृहस्थांनी दिवाणखान्यात भिंतीच्या कडेने रूळ टाकून खेळण्यातली आगगाडी सुरू केली. ती बघून आल्यापासून बायकोच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

"दाजींची गाडी बोगद्यातून काय सुरेख निघते!" (बोगदा म्हणजे बुटांचं खोकं. पण सांगता कोणाला?)

हेडक्लार्कांच्या अंगाचा तिळपापड झाला. "आपल्याकडेही आहे इंजिन," ते बोलून बसले. "त्यांच्याहून भारी. बोलाव रविवारी दोघांना, पळवून दाखवतो."

"ते माळ्यावरचं? बघा हं, माझ्या बहिणीसमोर फजिती नको."

इंजिन खरोखरच देखणं होतं. काळंभोर, पितळी घंटेचं, पहिल्या पगारातून घेतलेलं. हेडक्लार्कांची हयात रेकॉर्ड विभागात गेलेली, तेव्हा तेही त्यांनी रेकॉर्डासारखंच जपलं. वर्षाच्या पहिल्या तारखेला खोकं उतरवायचं, इंजिनात शिलाई मशीनच्या तेलाचे दहा थेंब सोडायचे, खोक्यातल्या चिठ्ठीवर 'तेल घातले, परत ठेवले' अशी नोंद करून तारखेसह सही करायची आणि खोकं परत माळ्यावर. अठरा वर्षं, अठरा सह्या. एक चुकली असेल तर शपथ!

रविवारी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर रूळ जोडले, इंजिन ठेवलं, बटण फिरवलं. इंजिन गुणगुणलं, पण जागचं हललं नाही.

"तेल कमी पडलं," हेडक्लार्कांनी निदान केलं आणि आणखी दहा थेंब सोडले. तरी ढिम्म. मग त्यांनी रुळांनाही सढळ हाताने तेल चोपडलं. आता इंजिनाचं गुणगुणणंही बंद झालं, आणि नेमकी दाराची घंटा वाजली.

"दाजी, बरं झालं आलात," बायको दारातूनच म्हणाली. "सकाळपासून अडून बसलंय हो!"

"कधीपासूनचा त्रास आहे?" डॉक्टरांनी सवयीने विचारलं आणि बॅगेतून दात कोरायचा आकडा काढला. बायकोने न सांगता टॉर्च धरला. (हेडक्लार्क फ्यूज बदलताना तिने कधी मेणबत्तीही धरली नव्हती.)

डॉक्टरांनी इंजिनाच्या पोटातून तपकिरी चिकट गोळा उकरून काढला. "जुनं तेल सुकून पार डिंक झालाय. आणि रुळांना कोणी तेल लावलं? इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते ना!"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यात डॉक्टरांच्या हाती चिठ्ठी लागली.

"दरवर्षी तेल घातलंत, आणि एकदाही चालवलं नाहीत?"

"चालवलं असतं तर झिजलं असतं," हेडक्लार्क बाणेदारपणे म्हणाले. मेहुणीने तोंडाला रुमाल लावला.

डॉक्टरांनी चाकं घासली, रूळ स्पिरिटने पुसले, सुईच्या टोकाने तेलाचा एकच थेंब सोडला. इंजिन झोकात धावू लागलं. बायकोने टाळ्या वाजवल्या, आणि त्या कोणासाठी हे हेडक्लार्कांना नीट कळलं. आपलंच इंजिन टेबलावरून पडावं, असं त्यांना मनापासून वाटलं.

डॉक्टर मात्र इंजिनाकडे बघतच राहिले. "साडूभाऊ, खरं सांगू? तुमच्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही खोकं उघडून हे दाखवलंत, तेव्हापासून जळतोय तुमच्यावर. माझी गाडी त्या जळफळाटातच घेतली. पण तिला याची सर नाही."

हेडक्लार्क सरसावून बसले. "काय म्हणालात? जरा मोठ्याने सांगा, पंख्याच्या आवाजात हिला ऐकू आलं नसेल."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. हेडक्लार्कांची छाती अशी काही फुगली की पुढचं वाक्य त्यांनी नव्हे, छातीनेच म्हटलं असावं: "मग त्यात काय एवढं? घेऊन जा!"

वाक्य पुरं व्हायच्या आत इंजिन बॅगेत गेलं.

आता बायको दर रविवारी ते धावताना बघायला बहिणीकडे जाते. हेडक्लार्क जात नाहीत. घरी बसून जळतात. वर्षाच्या पहिल्या तारखेला मात्र सवयीने स्टुलावर चढले, खोकं उघडलं, रिकामं पाहिलं, आणि चिठ्ठीवर तारीख घालून एकोणिसावी सही केली.

खालून बायकोने हात पुढे केला. "झाली सही? द्या इकडे. दाजींनी खोकं मागितलंय, त्यांना दुसरा बोगदा करायचाय."