किसणीने मंजूर केलेली दुरुस्ती

"दुरुस्ती पुन्हा परत पाठवलीस? आता काय चुकलं त्या बिचाऱ्याचं?" बायकोने विचारलं.

"पहिल्या ओळीच्या शेवटी मोकळी जागा सोडलीय," नवरा गंभीरपणे म्हणाला.

जगभरातले हौशी लोक मिळून संगणकाची एक प्रणाली फुकटात सांभाळतात. तिच्यातले कॅमेऱ्यांचे ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरे चालवणारे प्रोग्रॅम, याच्या ताब्यात होते. कुणी एखाद्या बिघाडावर दुरुस्ती पाठवली की याने ती तपासायची आणि मंजूर करायची. मंजूर तो क्वचितच करायचा म्हणा! सोबतच्या टिपणीचा असा काही कीस काढायचा, की पाठवणारे त्याला पाठीमागे 'किसणी' म्हणत.

बायको वाकून पडद्यावरचं वाचू लागली. "अरे, हा तर आपलाच कॅमेरा! चित्र उलटं येतं म्हणून तूच तो उलटा चिकटवून ठेवलायस ना?"

"असेल. मी अजून तिथपर्यंत पोचलो नाही."

"उद्या माझी मुलाखत आहे! इतक्या वर्षांनी कुणीतरी बोलावलंय मला. ऐन वेळी चिकटपट्टी सुटली म्हणजे? मंजूर करून टाक की रे!"

"असं कसं करून टाक? दुरुस्ती कुठे तपासली, तेच लिहिलेलं नाही त्याने."

बायको आत गेली. तिचा पडलेला चेहरा बघून त्याला मनापासून वाईट वाटलं. सकाळी ती आंघोळीला गेल्याबरोबर त्याने आयुष्यात पहिल्यांदाच डोळे मिटून 'मंजूर' लिहिलं आणि दुरुस्ती तिच्या संगणकावर चढवली. तिला मुलाखतीतच कळू दे, म्हणून स्वारी गप्प राहिली.

कळलं की! कॅमेरा सुरू झाला आणि पडद्यावर बायको छताला लटकलेली. दुरुस्ती अगदी चोख होती, पण कॅमेरा अजून उलटाच चिकटवलेला होता. नवरा धावला, चिकटपट्टी ओढू लागला. सुटेल म्हणून जिची एवढी धास्ती, ती आता जागची हलेना. पलीकडच्यांना फक्त त्याच्या उलट्या नाकपुड्या दिसत होत्या.

"बाई, हे काय चाललंय?" पलीकडच्या साहेबांनी मान वाकडी करून विचारलं.

"हे माझे मिस्टर, सर. त्यांनी आत्ताच कॅमेरा दुरुस्त केलेला दिसतोय."

"लावून बघितला नव्हता का?"

"त्यांनाच विचारा की!"

नवरा टेबलाखाली गेला. पलीकडे हशा पिकला. नोकरी होती तपासनिसाची, माल बाहेर पडण्याआधी चुका हेरण्याची.

"असा माणूस घरात असून तुम्ही इतक्या शांत आहात," साहेब डोळे पुसत म्हणाले, "एवढा अनुभव आम्हाला पुरे. पहिल्या तारखेला या."

संध्याकाळी नवरा हळूच म्हणाला, "म्हणजे नोकरी माझ्या दुरुस्तीमुळेच लागली म्हणायची."

बायकोने मान वर केली नाही. "नामंजूर. कारण पटण्यासारखं नाही. नीट लिहून पुन्हा पाठव. आणि कुठे तपासलंस, तेही लिही."