बरणीतला दात

मानवी दातावर लेसरचा नेमका काय परिणाम होतो, हा मानवजातीपुढचा एक गंभीर प्रश्न आहे. निदान सूनबाईंपुढे तरी होता, कारण त्यांचा दंतवैद्यकाचा प्रबंध त्याच्यावरच अडून बसला होता. वरच्या टणक एनॅमलवर आणि आतल्या मऊसर डेंटिनवर लेसर मारायचा, काय होतं ते लिहायचं आणि पदवी घ्यायची. त्यासाठी लागणारे उपटलेले, मुळं कापलेले दात सूनबाई बरणीत पाणी घालून घरच्या फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवत. घरच्यांनी लोणी सोडलं होतं, तक्रार मात्र नाही.

प्रयोगशाळेत सगळे दात शहाण्यासारखे वागले. एनॅमल वितळून चकचकीत झालं, डेंटिनला बारीक खड्डे पडले. शेवटचा दात मात्र बुडबुडे काढत बसका झाला आणि खोलीभर जळक्या कंगव्याचा वास सुटला.

सूनबाई घाईघाईने म्हणाल्या, "सर, माझंच काहीतरी चुकलं. हा वगळू का?"

"वगळू?" मार्गदर्शक सर सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात. "अगं, एनॅमल कुठे संपतं नि डेंटिन कुठे सुरू होतं, पत्ताच नाही! सगळं एकजीव! उभ्या आयुष्यात असा दात पाहिला नाही मी. पेशंट कोण?"

"माहीत नाही, सर. बरणीत होता."

"शोध त्याला! शुक्रवारी सगळ्या विभागापुढे मांडायचं हे. प्रबंधाचं नावच बदलून टाकू."

सूनबाई तरंगतच घरी आल्या. दारात सासरे तोंडावर हात धरून उभे.

"सूनबाई, माझा दात कुठाय?"

"कुठला दात, बाबा?"

"कवळीतला, पुढचा. काल पाव चावताना निघाला, तो बरणीत ठेवला."

"बरणीत? कशाला?"

"घरात दातांची वेगळी बरणी असताना चमच्यांच्या खणात ठेवू?"

  सूनबाईंच्या डोळ्यांपुढून शुक्रवार निघून गेला. मग धीर करून त्यांनी सरांना फोन लावला, तो स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगून टाकलं.

 पलीकडून सर कडाडले, "पाव चावताना दात निघतो म्हणजे काय! कुठल्या अडाण्यानं केली ही कवळी?"

"तुम्हीच की, डॉक्टरसाहेब," बाबा शांतपणे म्हणाले. "तुमच्या जुन्या दवाखान्यात. तेव्हा म्हणाला होतात, 'काका, दात असे बसवतो, की दंतवैद्यालासुद्धा खोटे आहेत हे कळायचं नाही.'"

शुक्रवारी सूनबाईंनी बाकीच्या दातांवरचे नेहमीचे निष्कर्ष मांडले आणि ते मान्य झाले. बाबांना नवा दात मिळाला. तोही सरांनीच बसवला.