चाळणी सापडेपर्यंत

एंगेब्रेतराव भल्या सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चाळणी गेली." सुनिवाबाई तेव्हा मळणीच्या टोळीसाठी अंडी तळत होत्या. अंडी मोजायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

"कुठं गेली?" त्यांनी मागं न बघताच विचारलं.

"ते ठाऊक असतं तर 'गेली' म्हणालो असतो का?"

"पिठाची हवी असेल तर ती बघा खिळ्याला आहे."

हा अपमान गिळणं एंगेब्रेतरावांना जड गेलं. ओढ्याकाठच्या सगळ्या शेतांची मळणी ज्या यंत्रावर होई, ते यंत्र त्यांचं होतं. लाल रंगाचं, गोठ्याएवढं, वाफेच्या इंजिनाच्या जोरावर धडधडणारं. त्याच्या पोटात ती चाळणी सरकवलेली असे: लाकडी चौकट आणि तिच्यावर भोकं पाडलेला पत्रा. खालून पंखा वारा घाली, भूस उडून जाई आणि गहू भोकांतून खाली पडे. खणासारखी ओढली की ती बाहेर येई. एंगेब्रेतराव रोज संध्याकाळी ती स्वतःच्या हातांनी काढत, पंपाखाली धूत आणि भिंतीला टेकवून वाळत ठेवत. बायकोच्या पाठीवरून त्यांनी इतक्या मायेनं कधी हात फिरवल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. एखादी जादा चाळणी जवळ असू द्या, असं लोक सुचवत. "जादा चाळणी हलगर्जी माणसाला लागते," असं त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

आता ती एकुलती एक गव्हाची चाळणी रात्रीतून भिंतीपासून नाहीशी झाली होती. सुनिवाबाईंचे यजमान हालवर यांचा गहू थोडाच मळायचा राहिला होता, पण थोडा राहिला काय नि सगळा राहिला काय, यंत्र हलणार नव्हतं.

आमच्या डाकोटाच्या माळावर मळणीचा कायदा एकच: जिथं यंत्र तिथं पंगत. शेजारपाजारचे सगळे पुरुष एकमेकांच्या शेतावर राबतात आणि यंत्र ज्याच्या अंगणात उभं असेल त्याची बायको सगळ्यांना जेवू घालते. यंत्र चालो, मोडो, पावसात भिजो, ते उभं आहे तोवर टोळी उठत नाही. हा कायदा कुठं लिहिलेला नाही. पण पाद्रीबुवांच्या दहा आज्ञांपेक्षा तो अधिक पाळला जातो, कारण त्या दहांमध्ये जेवणाचा उल्लेख नाही.

सुनिवाबाईंनी तळघराच्या दाराकडे पाहिलं ते याच कायद्यामुळे. शनिवारी त्यांच्या सिग्नेचं लग्न होतं. तळघरात धुरावलेल्या डुकराच्या मांड्या टांगलेल्या होत्या, लोण्याची बिस्किटं डबे भरून ठेवलेली होती, लेफ्साच्या, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पातळ पोळ्यांच्या, चळती फडक्यांखाली झाकलेल्या होत्या, आणि एका कोपऱ्यात बदामी कड्यांचा मनोरा उभा होता. आमच्याकडे तो मनोरा नसेल तर लग्न लागलं असं म्हाताऱ्या मानत नाहीत. वर्षभर राखून, मुलांच्या हातावर मारून ठेवलेला हा ऐवज होता. मंगळवारी यंत्र पुढच्या शेतावर जाणार, मग हात मोकळे, असा सुनिवाबाईंचा बेत होता. आज तो मंगळवार होता.

पुढचं शेत बेर्गितबाईंचं होतं, म्हणजे व्याह्यांचंच. त्यांचा नील्स हा नवरदेव. बेर्गितबाईंच्या कॉफीतून कपाचा तळ दिसे आणि त्यांच्या सूपमधला बटाटा ज्याला सापडे त्याचं टोळी अभिनंदन करी. आपली वस्तू दुसऱ्याकडे राहू नये म्हणून त्या चमच्यांवरसुद्धा नाव घालत. तरी सोमवारी त्या स्वतःहून आल्या होत्या, विहिणीला मदत म्हणून. दिवसभर लेफ्सा लाटले आणि तिन्हीसांजेला सुनिवाबाईंचे हात पिठानं भरलेले पाहून चळती तळघरात नेऊनही ठेवल्या. सुनिवाबाई त्या तळघरात नवऱ्यालाही जाऊ देत नसत. विहिणीला नाही म्हणवेना, म्हणून तेवढी सूट दिली.

शोधाशोध सुरू झाली. गोठा झाला, गंजी झाली, विहिरीत आकडा सोडून झाला. एंगेब्रेतरावांनी डुकरांच्या खुराड्यातही शिरून पाहिलं.

"डुकरं चाळणी खातात होय?" हालवरनं विचारलं. ते दिवसातून मोजकं बोलत, आणि जे बोलत ते एंगेब्रेतरावांना लागेल असंच असे.

"हालवर, तुझ्या अंगणातून चाळणी गेलीय. जबाबदारी कुणाची?"

"अंगण माझं. चाळणी हलगर्जी माणसाची."

दुपारी ठरलं की ओटची चाळणी लावून बघू. तिची भोकं मोठी. यंत्र धडाडलं आणि पोत्यात गव्हाबरोबर भूस, काड, काटेरी तण आणि एक टोळही पडला. हालवरनं मूठभर उचलून पाहिलं आणि म्हणाले, "गुरं खूश होतील." मग एंगेब्रेतरावांनी रेल्वेच्या गावाला तार ठोकली. दुसऱ्या दिवशी गाडीनं नवीकोरी चाळणी आली, पण ती निघाली जवसाची. तिच्या भोकांतून गहू पडायलाच तयार नव्हता. सगळाच्या सगळा पंख्याच्या वाऱ्यानं मागं काडाच्या गंजीवर जाऊन पडला. इतकी उत्तम मळणी गावातल्या कोंबड्यांनी यापूर्वी पाहिली नव्हती.

टोळीचं मात्र काही बिघडलं नव्हतं. गडी अंगणात पाय पसरून बसत आणि जेवणाची घंटा झाली की यंत्रापेक्षा जास्त आवाज करत उठत. काम नसलं की भूक कमी लागते, असं म्हणणाऱ्यानं मळणीची टोळी पाहिलेली नाही. साधं खाणं पहिल्याच दिवशी संपलं. मग सुनिवाबाई ओठ मिटून तळघरात उतरल्या आणि एक मांडी घेऊन वर आल्या.

"वहिनी, काय सुरेख धुरावलंय हो हे!" टोळीतला एक जण बोटं चाटत म्हणाला.

"ते शनिवारचं होतं."

"मग काय झालं? शनिवारी आम्हीच तर येणार होतो खायला."

आणि ते खरं होतं. सिग्नेच्या लग्नाला येणारे शेजारी आणि मळणीला आलेले शेजारी एकच होते. पाहुणे लग्नाच्या आधीच लग्नाचं जेवून बसले होते आणि वर दुसऱ्यांदा वाढून घेत होते. त्या रात्री सुनिवाबाई रडल्या, पण कांदा चिरता चिरता, म्हणजे कुणाला कारण विचारता येऊ नये.

बेर्गितबाई रोज यायच्या. येताना टोपली असायची, टोपलीत काही नसायचं. आल्या की आधी आभाळाकडे बघायच्या.

"पाऊस येणार बाई. पंचांगात बुधवारचा लिहिलाय, आणि आमच्या ह्यांचा गुडघा तर कालपासून ठणकतोय."

"येऊ दे ना मग," सुनिवाबाई त्राग्यानं म्हणाल्या. "इथं यंत्र चालतंय कुठं भिजायला!"

बुधवारी आभाळ घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख होतं. गुरुवारीही ढगाचा पत्ता नव्हता. बेर्गितबाईंचा चेहरा मात्र उतरत चालला. "तुम्ही दमलात, बसा हो. मी जाते ना खाली लेफ्सा आणायला," असं त्या दोन-दोनदा म्हणाल्या.

"माझ्या तळघरात मीच जाते," सुनिवाबाई दारात आडव्या होत म्हणाल्या. "तिथं उरलंय किती ते कुणी बघायला नको."

गुरुवारी संध्याकाळी खरोखरच काही उरलं नव्हतं. मांड्यांची हाडं कुत्र्यांकडे गेली होती. होता तो मनोरा, आणि त्याला हात लावणाऱ्याचा हात मोडीन असं सुनिवाबाईंनी सांगून ठेवलं होतं. आणि अंधाऱ्या कोनाड्यात लेफ्साची शेवटची चळत, तीही आता खाली बसलेली. वरून एकेक काढत बसण्यात अर्थ नव्हता. त्यांनी खालच्या फळीसकट सगळंच उचललं, वर आणलं आणि एंगेब्रेतरावांच्या पुढ्यात धाडकन ठेवलं.

"घ्या. एवढंच आहे. उद्यापासून तुमच्या यंत्राचं वंगण खा."

एंगेब्रेतरावांनी एक लेफ्सा उचलला, लोणी लावलं, गुंडाळी केली. दुसरा उचलला. तिसरा उचलताना त्यांचा हात फळीच्या कडेवरून गेला आणि तिथंच थांबला. माणूस आंधळा झाला तरी काही वस्तू हाताला ओळखू येतात. त्यांनी उरलेले लेफ्सा बाजूला सारले, खालचं फडकं वर उचललं आणि दिव्याचा उजेड पत्र्याच्या भोकांतून टेबलावर पडला.

"ही माझी चाळणी आहे," ते हळूच म्हणाले.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण आमच्या टोळीनं कळसा शोधण्यासाठी त्यातलंच पाणी पिऊन संपवलं होतं. सगळे सुनिवाबाईंकडे बघायला लागले.

"वहिनी, तुमच्याच तळघरात?"

"आणि आम्ही डुकरांच्या खुराड्यात!" एंगेब्रेतरावांना कंठ फुटला. "तीन दिवस, बाई! माझी चाळणी म्हणजे काय तुमची परात आहे?"

सुनिवाबाईंचा चेहरा लाल झाला. गावभर आता काय सांगितलं जाईल ते त्यांना दिसत होतं. मग त्यांची नजर एंगेब्रेतरावांच्या हातातल्या फडक्याकडे गेली. पीठ खाली सांडू नये म्हणून चाळणीवर अंथरलेलं फडकं, आणि त्याच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं भरलेलं नाव. त्यांनी ते हातात घेऊन नीट वाचलं आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या बेर्गितबाईंकडे पाहिलं.

"मला वाटलं तुमचीच फळी आहे," बेर्गितबाई घाईघाईनं म्हणाल्या. कुणी काही विचारलं नव्हतं.

वर्षानुवर्षं बेर्गितबाईंचा गहू याच चाळणीतून पडत आला होता; ती त्यांना फळी वाटणं शक्यच नव्हतं. सुनिवाबाईंच्या डोक्यात सगळं एका ओळीत बसलं: बुधवारचा पाऊस, नवऱ्याचा गुडघा, रिकामी टोपली, तळघराची ओढ. पाऊस पडला तर तो यंत्र विहिणीच्या अंगणात असताना पडावा आणि बसून खाणारी टोळी विहिणीच्या गळ्यात राहावी, एवढीच बेर्गितबाईंची साधीभोळी इच्छा होती. दोन दिवसांचा खेळ, मग चाळणी हळूच पंपापाशी परत. पण पाऊस आला नाही आणि तळघराचं दार उघडलं नाही.

सुनिवाबाईंच्या जिभेच्या टोकावर जे आलं होतं ते आमच्याकडे फक्त बैलांना ऐकवतात. तेवढ्यात त्यांना दारात उभी सिग्ने दिसली. हातात कॉफीची किटली, चेहरा पांढराफटक. परवा तिला त्याच घरात जायचं होतं, त्याच सासूच्या हाताखाली. सुनिवाबाईंनी फडक्याची घडी घातली आणि एप्रनच्या खिशात ठेवली.

"चूक माझीच," त्या म्हणाल्या. "अंधारात फळी समजून उचलली गेली असेल."

टोळीतल्या कुणालाही ते खरं वाटलं नाही. फडक्यावरचं नाव वाचता येण्याइतकी शाळा सगळ्यांनी शिकली होती.

"आता उद्या दुपारपर्यंत आमचं उरका," सुनिवाबाई पुढं म्हणाल्या, "आणि यंत्र लगेच बेर्गितबाईंकडे न्या. शनिवारी चर्चमध्ये लग्न लागलं की सगळे थेट तिकडेच जेवायला."

"तिकडे?" बेर्गितबाई किंचाळल्या. "अहो, लग्नाचं जेवण मुलीच्या आईनं घालायचं असतं!"

"घातलं की, विहीणबाई. विचारा पाहुण्यांना."

टोळीनं तोंडातला घास तसाच ठेवून माना डोलावल्या.

"शिवाय जिथं यंत्र तिथं पंगत," हालवर म्हणाले, आणि त्या दिवसाचं त्यांचं बोलणं संपलं.

शनिवारी बेर्गितबाईंच्या अंगणात टेबलं लागली. त्यांच्या कोंबड्या गेल्या, गुबगुबीत डुक्कर गेलं, आणि ओटच्या कणगीत नवऱ्यापासूनही लपवलेली डुकराची मांडी पोत्यांसाठी जागा करताना एंगेब्रेतरावांना सापडली. कॉफी घट्ट होती, कारण ती सिग्नेनं केली. सुनिवाबाईंनी आपल्या घरून फक्त बदामी मनोरा आणला आणि पहिलं कडं स्वतःच्या हातानं विहिणीला भरवलं. "गोड करा तोंड," त्या म्हणाल्या. "पाहुणे जेवले की निघतीलच मळायला. गहू पडलाय ना तुमचा अजून सगळा."

बेर्गितबाईंनी घास कसाबसा गिळला. तेवढ्यात मनोऱ्याच्या टोकावर एक टपोरा थेंब पडला. मग दुसरा. बघता बघता पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ चढलं आणि पाहुणे ताटं डोक्यावर धरून घरात पळाले. एंगेब्रेतराव तेवढ्या पावसात यंत्राकडे धावले, चाळणी ओढून काढली आणि तान्ह्या पोरासारखी कोटाखाली धरून आत आले.

सुनिवाबाईंनी खिशातून धुतलेलं, इस्त्री केलेलं फडकं काढलं.

"हे घ्या, पुसा हिला," त्या म्हणाल्या. "या घरचंच आहे."

बेर्गितबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. अंगणात लाल यंत्र निथळत उभं होतं आणि त्याची चाकं चिखलात रुतायला लागली होती.

"अहो," त्यांनी नवऱ्याला, ओस्मुंडला, विचारलं, "किती दिवस चालेल हा?"

ओस्मुंडनं गुडघा चोळून पाहिला. इतके दिवस कुणी आपल्या गुडघ्याला मानत नव्हतं, म्हणून त्यानं जरा वेळ घेतला.

"आठवडाभर तरी," तो समाधानानं म्हणाला.

टोळीनं टोप्या काढून खुंट्यांना अडकवल्या आणि बाकं टेबलाजवळ ओढून घेतली.