बिनभुवयांचा नागरिक

नगरपालिकेवर लिहीत असताना मला घरातलं काही ऐकू येत नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्याचा फायदा घेतात.

त्या दिवशी मी आमच्या गल्लीतल्या उघड्या गटारावर मजकूर पाडत होतो. सासूबाई छत्री घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"अनन, विहारात जातेय. तुझ्या त्या कागदांसाठी नवस बोलून येऊ का?"

"या बोलून," मी म्हणालो.

बस. माणसाचं आयुष्य फिरायला एवढं पुरतं. (लग्नाच्या वेळीही मी यापेक्षा जास्त काही बोललो नव्हतो.)

'ते कागद' म्हणजे थाई नागरिकत्वाचा अर्ज. मी मूळचा अकोल्याचा अनंत बोरगावकर. बँकॉकच्या एका इंग्रजी दैनिकात तीन महिन्यांसाठी म्हणून आलो आणि तीस वर्षं राहिलो. बँकॉकला लागून असलेल्या नोंथाबुरीत नदीच्या अलीकडे बायकोचं घर आहे, त्यात मी राहतो. इथे अनन हे अस्सल थाई नाव असल्यामुळे मला नाव फुकटात मिळालं, बाकी काहीच फुकटात मिळालं नाही. दर नव्वद दिवसांनी एका खिडकीपुढे रांग लावून सांगावं लागतं, की साहेब, मी गेल्या खेपेला जिथे राहत होतो तिथेच राहतो. तेही एक वेळ सोसलं असतं. पण गटारावर, फुटपाथवर, पहाटेच्या भोंग्यावर, कशावरही लिहिलं की एकच उत्तर ठरलेलं: आवडत नसेल तर आपल्या देशात जा. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक खुन सोम्पोत ('खुन' म्हणजे श्रीयुत) तर हे इतक्या गोड हसून सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं मला तिकीट काढून देतायत.

मला मत द्यायचं होतं. खुन सोम्पोत यांच्या विरोधात. पाहुण्याला रागावता येतं, पण त्याचा राग कुणी मोजत नाही.

अडचण अशी, की डिसेंबरअखेर मी निवृत्त होणार होतो आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी अर्जदाराच्या हातात नोकरी असावी लागते. म्हणजे डिसेंबर संपायच्या आत बोलावलं तर नागरिक, नाही तर मरेपर्यंत पाहुणा. आणि फाईल तर कुठल्याशा कपाटात ध्यानाला बसली होती.

सासूबाईंच्या नवसानंतर तीनच आठवड्यांत फोन आला. फाईल पुढच्या टेबलावर गेली, इंटरव्ह्यूचं पत्र नोव्हेंबरात येईल. मी आनंदाने घरात सांगितलं. सासूबाईंनी लगेच पंचांग काढलं.

"फेडायला हवा," त्या म्हणाल्या.

"फेडा की. किती अंडी?" आमच्याकडे नवसाला उकडलेली अंडी वाहतात. मोठं काम असेल तर डुकराचं मुंडकं.

"अंडी लॉटरीला. मी सांगून आलेय, फाईल हलली तर जावई चीवर घेईल. नऊ दिवस."

"मी? भिक्खू?"

"तूच म्हणालास, या बोलून."

"पण नागरिकत्व अजून मिळालंय कुठे?"

"मी नागरिकत्व मागितलंच नव्हतं. फाईल हलव म्हटलं, त्याने हलवली. आधीचं फेडल्याशिवाय पुढचं कुठल्या तोंडाने मागू?"

मी आशेने बायकोकडे पाहिलं. ओरथाई भाजी निवडत होती.

"जा ना, पी," ती म्हणाली. ('पी' म्हणजे दादा. इथे बायका वयाने मोठ्या नवऱ्याला पी म्हणतात. दादागिरी त्या स्वतःकडे ठेवतात.) "नऊ दिवस शांतता मिळेल."

"मला शांतता नकोय."

"तुला कोण देतंय? आम्हाला मिळेल."

आता विहाराबद्दल. पहाटे पाचला आमच्या विहाराचा भोंगा सुरू होतो, आणि त्याविरुद्ध मी आजवर चार लेख लिहिले होते. एकात तर आवाज मोजून आकडे दिले होते. तिथल्या वडीलधाऱ्या महाथेरांनी माझं हसून स्वागत केलं, लेखांबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि मला भोंग्याच्या खांबाखालची खोली दिली.

"इथून नीट ऐकू येतं," ते म्हणाले.

दीक्षेच्या सकाळी सासूबाई कमळाचं पान धरून बसल्या. पहिली बट त्यांनी कापली, दुसरी ओरथाईने (जरा मुळापासून). मग एका भिक्खूने वस्तरा घेऊन डोकं साफ केलं. मी उठायला लागलो, तर त्याने माझी हनुवटी धरली आणि वस्तरा कपाळाखाली आणला.

इथले भिक्खू भुवयाही काढतात. मी तीस वर्षं रोज बिनभुवयांचे भिक्खू बघत होतो. पण वार्ताहराचा एक रोग असतो, जे जगाला लागू आहे ते आपल्याला लागू होईल हे त्याला सुचत नाही.

माझ्या भुवया साध्या नव्हत्या. दाट, काळ्या, मधे जवळजवळ जुळलेल्या. पत्रकार परिषदेत मी प्रश्न विचारला की मंत्री माझ्या तोंडाकडे नाही, भुवयांकडे बघून उत्तर देत. माझी निम्मी पत्रकारिता त्यांनीच केली होती. दोन मिनिटांत दोन्ही पानात पडल्या, आणि सासूबाईंनी त्यांना नमस्कार केला.

भिक्षापात्राच्या चकचकीत बुडात मी स्वतःला पाहिलं. नुकतीच कुणी आनंदाची बातमी दिल्यासारखा चेहरा. मी रागावून पाहिलं. आणखी आनंद झाल्यासारखा दिसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे अनवाणी भिक्षेला निघालो. त्या उघड्या गटाराच्या काठावर एक कुटुंब गुडघे टेकून बसलं होतं. भाताचं भांडं घेऊन पुढे खुन सोम्पोत. त्यांनी माझ्या पात्रात भात घातला, हात जोडले आणि डोळे मिटले. मी गटाराकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि नियमाप्रमाणे आशीर्वादाची गाथा म्हटली. आयुष्य, कांती, सुख आणि बळ लाभो. ते रोज सकाळी तिथेच बसत. मी रोज गाथा म्हणत असे. एकदा मी शक्य तेवढ्या तिरस्काराने म्हटली, तर त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

सातव्या दिवशी ओरथाई आली. खाली चटईवर बसली, तीनदा वाकून नमस्कार केला. बाईने भिक्खूच्या हातात थेट काही द्यायचं नसतं, म्हणून तिने एक लिफाफा फडक्यावर ठेवून माझ्याकडे सरकवला.

"भंते, इंटरव्ह्यूचं पत्र आलंय. सोमवारी बोलावलंय."

"या सोमवारी? नोव्हेंबर म्हणाले होते ना?"

"भंते, आवाज चढवू नका. पाप लागेल." लग्नानंतर ती मला पहिल्यांदाच अहो-जाहो करत होती आणि तिला ते फार आवडत होतं.

"ओरथाई, फाईलमधल्या फोटोत मला भुवया आहेत."

"माहितीये, भंते. तुमच्याआधी त्याच खोलीत शिरायच्या."

"पत्रात लिहिलंय, चेहरा फोटोशी ताडून बघणार. तारीख बदलून मागितली तर फाईल परत कपाटात. डिसेंबर संपला की मी संपलो."

"मी आहे ना," ती म्हणाली, पुन्हा तीन नमस्कार केले आणि गेली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. शेजारच्या खोलीतल्या तरुण भिक्खूने नंतर सांगितलं, फाटकाबाहेर जाऊन पोट धरून हसत होती.

रविवारी मी चीवर उतरवलं आणि सोमवारी पहाटे ओरथाईने मला स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसवून पेन्सिल काढली. तिला एकाच प्रकारच्या भुवया काढता येतात, स्वतःच्या. काम संपल्यावर आरशात मला टकली ओरथाई दिसली.

"मालिकेतली सवत वाटतोय," सासूबाई म्हणाल्या. "जाड कर. आणि आत वळव. रागावल्याशिवाय याला कोण ओळखणार?"

तिसऱ्या प्रयत्नात मी मला सापडलो. कोट चढवला, टाय शोधला, होडीने पलीकडे गेलो आणि उन्हातून चालत पोलिसांच्या नागरिकत्वाच्या कचेरीत पोचलो. दाराशी कॅप्टन नरीरत नावाच्या तरुण बाई फाईल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"केस गेले का, काका?"

"वय झालं."

"भुवया मात्र टिकल्यात," त्या म्हणाल्या आणि मला आत नेऊन समितीसमोर बसवलं.

समितीत पाच जण होते आणि मधे जाड चष्म्याचे अध्यक्ष. सगळं सुरळीत चाललं. कर भरलाय, साक्षीदार आहेत (मी ज्यांच्याविरुद्ध कधी लिहिलं नाही असे दोघे वॉर्डात निघाले, त्यातले एक बहिरे होते). शेवटी अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला राष्ट्रगीत म्हणायची सक्ती नाही. बायको थाई आहे, त्यामुळे माफ." इथे शहाणा माणूस आभार मानून उठतो. पण मला 'माफ' हा शब्द सहन होत नाही. तीस वर्षं रोज सकाळी आठला मी त्या गाण्यासाठी रस्त्यात उभा राहिलोय. मी म्हणालो, म्हणणारच.

उभा राहिलो आणि छाती फुगवून म्हटलं. वरच्या पट्टीला कपाळावर घाम फुटला. संपल्यावर मी अभिमानाने रुमाल काढला आणि तोंड पुसलं.

सगळे माझ्या कपाळाकडे बघायला लागले.

"काका," कॅप्टन नरीरत हळूच म्हणाल्या, "तुमची डावी भुवई कुठे गेली?"

मी रुमालाकडे पाहिलं. "इथे आहे."

अध्यक्ष पुढे झुकले. "म्हणजे ती खोटी?"

"दोन्ही खोट्या."

"आणि फोटोतल्या?"

"त्या खऱ्या."

"मग खऱ्या फोटोशी जुळावं म्हणून तुम्ही खोटा चेहरा घेऊन आलात." ते शेजारच्याकडे वळले. "लिहा. अर्जदाराने चेहऱ्यात फेरफार केला."

मी भडकलो. मी म्हणालो, फेरफार तुमच्या तारखांत आहे, नोव्हेंबर सांगता आणि सप्टेंबरात बोलावता, माणसाने भुवया काय वर्षभर हातात घेऊन बसायचं? आवाज कॉरिडॉरपर्यंत गेला असेल.

"तुम्हाला एवढं आश्चर्य कशाचं वाटतंय, काका?" कॅप्टन नरीरतनी विचारलं.

"आश्चर्य नाही. हा राग आहे."

"अच्छा," त्या म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

मी उरलेली भुवईसुद्धा पुसून टाकली. "कालपर्यंत मी भिक्खू होतो," मी म्हणालो.

पाचही जणांचे हात आपोआप जोडले गेले. "आधीच सांगायचं ना," अध्यक्ष मऊ झाले. "कुणासाठी घेतली दीक्षा? आईसाठी?"

इथे खोटं बोलता आलं असतं. पण नऊ दिवस रोज सकाळी खोटं न बोलण्याचं शील म्हटलेलं, ते अजून जिभेवर होतं.

"नवसाची होती."

"कसला नवस?"

"तुमच्याकडची माझी फाईल हलावी म्हणून."

अध्यक्षांनी चष्मा काढला. मला वाटलं, संपलं. सरकारी कचेरीला तोंडावर सांगितलं, की तुमची फाईल हलवायला साक्षात बुद्ध लागतो. तीस वर्षांत याहून खरी बातमी मी दिली नव्हती, आणि तीच माझ्या अंगावर शेकणार होती.

"किती दिवसांत हलली?" अध्यक्षांनी विचारलं.

"तीन आठवडे."

"कुठला विहार?"

मी नाव सांगितलं. अध्यक्षांनी ते पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. "माझी बदली दोन वर्षं अडकलीय," ते शेजारच्याला म्हणाले. शेजारचाही लिहीत होता. टोकाच्या गृहस्थांनी धक्क्यावरून कुठली बस जाते ते विचारलं. कॅप्टन नरीरतनी खालच्या आवाजात विचारलं, "बायकांना दीक्षेऐवजी अंडी चालतील का, काका?"

सरकारी कचेऱ्यांतल्या अंधश्रद्धेवरच्या माझ्या लेखमालेला एकदा बक्षीस मिळालं होतं. मी त्यांना बस नंबर लिहून दिला, आणि अंड्यांचं सासूबाईंना विचारून कळवतो म्हणालो.

निघताना शेरा वाचायला मिळाला. 'स्वभाव: शांत. रागाची लक्षणे आढळली नाहीत.'

पुढच्या वर्षी राजपत्रात नाव आलं. घरी मिठाई आणली, तर सासूबाई पंचांग काढून बसलेल्या.

"आता काय?"

"इंटरव्ह्यूच्या सकाळी मी पुढचं मागून ठेवलं होतं. पंधरा दिवस. तुला विचारलं होतं, तू टाय शोधत होतास. हो हो म्हणालास."

सासूबाई उधारी ठेवत नाहीत. तीच खोली, तोच भोंगा, भिक्षेच्या वाटेवर तेच खुन सोम्पोत. बाहेर आलो आणि तिसऱ्या दिवशी ओळखपत्राच्या फोटोची तारीख. कॅमेऱ्यामागची मुलगी म्हणाली, "काका, हसू नका." मी म्हणालो, मी चिडलोय. ती म्हणाली, "बरं, पण हसू नका."

भुवया परत आल्या, आधीपेक्षा दाट. कार्डावरच्या मात्र आल्या नाहीत. बँकेत, पोस्टात, दवाखान्यात एकच: "काका, हे तुम्ही नाही." मग मी दोन्ही हातांची बोटं भुवयांवर आडवी धरतो. "हां, आता जुळलं." तेवढ्यापुरता मी थायलंडचा नागरिक असतो.

नव्या नागरिकाला पहिली पाच वर्षं मत देता येत नाही, हे मला नागरिक झाल्यावर कळलं. (कायद्यावर मी दोन अग्रलेख लिहिले होते. वाचला नव्हता.) पाच वर्षं थांबलो. गटारही थांबलं होतं. मतदानाच्या दिवशी सगळ्यात आधी रांगेत उभा राहिलो, बोटांनी भुवया झाकल्या, ओळख पटवली, आत गेलो आणि खुन सोम्पोत यांच्या विरोधात इतक्या जोरात फुली मारली की कागद फाटायचा राहिला.

ते प्रचंड मतांनी निवडून आले.

दुसऱ्या दिवशी गटाराच्या काठावर भेटले. मी भुवया शक्य तेवढ्या जवळ आणल्या. त्यांनी खाली वाकून मला नमस्कार केला.

"तुमची कृपा, खुन अनन. तुम्ही चीवरात होतात तेव्हा रोज सकाळी भात घालताना मी मनात हेच मागत होतो. आणि तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत."

घरी आल्यावर मी हिशेब केला. विरोधात मत एक. बाजूने आशीर्वाद चोवीस.